मी कोरलेली ओळ

धावडा गावाच्या वरच्या अंगाला डोंगराची एक सोंड खाली उतरते. तिच्या पोटात पाच खोल्या कोरलेल्या आहेत, त्यांतली एक अर्धी ढासळलेली. चित्रं नाहीत, मूर्ती नाहीत, त्यामुळे मुद्दाम कुणी जात नाही. गुराख्यांना माहीत, मध काढणाऱ्यांना माहीत, आणि आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांना माहीत. सर तिथं जवळजवळ प्रत्येक रविवारी जायचे.

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवतो. लहानपणी सरांनी मलाही शिकवलं होतं. पुढं मी दुकानांच्या पाट्या रंगवत फिरत होतो, तेव्हा शाळेत जागा निघाली. सरांनी घरी निरोप पाठवून मला अर्ज करायला लावला आणि संस्थेच्या लोकांपुढं माझ्यासाठी शब्द टाकला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मी हे कुठंही आठवलेलं दिसणार नाही.

सरांना बोलायची फार हौस. आमच्या तालुक्याच्या भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन, दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी पार सांचीच्या स्तूपाला दान दिलं, त्यांची नावं तिथल्या दगडावर अजून आहेत, हे स्टाफरूममध्ये आम्ही शंभरदा ऐकलं होतं. डबा उघडला की सर सुरू. "राजेमहाराजे न्हाई बरं का. माळी, लोहार, विणकर. साधी माणसं. इतक्या लांब दान दिलं, मंग घरच्या डोंगरात दिलं नसंल का? कुठंतरी एक ओळ असंलच. एक ओळ भेटली पायजे फक्त."

आमचे खेळाचे सर त्यांच्या पाठीमागं त्यांची नक्कल करायचे. दोन्ही हात वर करून, भिंत चाचपडल्यासारखं. सगळे हसायचे, मीही हसायचो. खेळाचे सर आणि मी एकाच वयाचे, दोघंही गावातल्या जमीनवाल्या घरातले. सर बौद्ध. हे कुणी तोंडावर कधी बोललं नाही. पण सर वर्गावर गेले की खेळाचे सर म्हणायचे, "लेणी म्हणजे ह्यांना बापजाद्याचा वाडा वाटतो. सातबारा काढायचा बाकी राह्यलाय." त्यावर हसू नये असं मला एकदाही वाटलं नाही.

एका वर्षी सरांनी स्टाफची सहल तिथं न्यायचं ठरवलं. कुणाची इच्छा नव्हती, पण सर पुढच्या वर्षी रिटायर होणार होते, म्हणून मुख्याध्यापक हो म्हणाले. आम्ही आठ-दहा जण निघालो. डोंगराच्या पायथ्यापर्यंत गाडी जाते, पुढं तासभर चढ. सीताफळाची झुडपं, सुटे दगड, आणि शेवटी एक उभा कडा. त्या कड्यावर पाय ठेवण्यापुरत्या खोबण्या कोरलेल्या आहेत. एका वेळी एकच माणूस चढतो, तोही पोट दगडाला घासत. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचे सर खिशात पेन नीट अडकवून सरसर वर गेले आणि वरून एकेकाला हात देत राहिले.

वर एक अरुंद कट्टा आणि त्याला लागून खोल्या. आत वटवाघळांचा वास. प्रत्येक खोलीत दगडाचा ओटा, डोक्याच्या बाजूला जरा उंच ठेवलेला, आणि भिंतीत दिवा ठेवायचा कोनाडा. सर सांगत होते, भिक्खू इथं पावसाळाभर राहायचे, पाणी कट्ट्यावरच्या त्या टाक्यातलं, भिक्षेला खाली गावात जायचे. बोलता बोलता ते एका ओट्यावर आडवे झाले. "बघा, माझे पाय बराबर काठाला लागतात. माझ्याएवढाच असणार तो माणूस." आणि डोळे मिटून दोन मिनिटं पडून राहिले.

खेळाच्या सरांनी त्यांचा फोटो काढला. खाली पोचायच्या आत तो शाळेच्या ग्रुपवर पडला होता, वर हार चढवलेला. मुख्याध्यापकांनीही हसण्याची खूण टाकली. सरांनी तो पाहिला असणार. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी डबा खाल्ला नाही, एवढंच मला आठवतं.

ओळ कोरायची कल्पना खेळाच्या सरांची. पण हात माझा, म्हणून ती माझीच म्हणायला हवी. झालं असं, की सरांनी इतिहासाच्या खोलीसाठी माझ्याकडून ब्राह्मी अक्षरांचा मोठा तक्ता काढून घेतला होता. एकेका शतकाची एकेक रांग. त्यासाठी त्यांनी मला त्यांचं पुस्तक दिलं, शाळा सुटल्यावर थांबून थांबून एकेक अक्षर समजावलं. महिनाभर आम्ही दोघं त्या खोलीत बसायचो. मला ती अक्षरं लिहिता यायला लागली, वाचताही यायला लागली. सर खूश. म्हणायचे, "तुझ्या हातात गोडी आहे. जुनी माणसं अशीच कोरत असतील."

हे मी खेळाच्या सरांना सहज सांगितलं. ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, मंग देऊन टाकू ना म्हाताऱ्याला त्याची ओळ."

चतुर्थीला राजूरला गणपतीची गर्दी असते, निम्मी शाळा तिकडं. त्या दिवशी आम्ही दोघं रजा टाकून डोंगरावर गेलो. छिन्नी, हातोडी, पाण्याची बाटली. तिसऱ्या खोलीत कोनाड्याखाली दगड जरा झिजका होता, तिथं मी खडूनं आखून घेतलं. 'भोगवधना मालाकारस दानं.' भोगवर्धनच्या माळ्याचं दान. शब्द सरांचेच, त्यांच्या वहीतले. तक्त्यातल्या रांगा बघून कोणतं अक्षर कोणत्या शतकाचं हे मी पाळलं नाही, जे दिसायला चांगलं ते घेतलं. कोरायला चार तास लागले. खेळाचे सर दारात बसून भजी खात होते आणि मधूनमधून "जल्दी कर" म्हणत होते. मला मात्र घाई करवत नव्हती. काम छान चाललं होतं आणि मला ते आवडत होतं. शेवटी वटवाघळांची विष्ठा, राख आणि माती पाण्यात कालवून आम्ही अक्षरांवर चोळली, वाळली की पुसली, पुन्हा चोळली. लांबून बघितलं तर खरंच जुनी वाटत होती.

पंधरा-वीस दिवसांनी खेळाच्या सरांनी डबा खाताना विषय काढला. "सर, तो मध काढणारा भेटला होता. म्हणत होता, तिसऱ्या खोलीत खाली काहीतरी खरडलेलं आहे म्हणून."

सरांचा घास हातातच राहिला.

त्या रविवारी आम्ही तिघं गेलो. ठरलं असं होतं, की सरांनी ओळ वाचली की खेळाच्या सरांनी मोबाइलवर शूटिंग करायचं आणि मग दोघांनी मिळून सांगायचं. सर खाली बसले, बॅटरी तिरकी धरली. मग उठून बाहेर गेले. चपला काढल्या, टाक्यातल्या पाण्यानं हात-तोंड धुतलं, आणि अनवाणी आत आले. अक्षरांवरून त्यांचं बोट फिरत होतं, पण दगडाला लागू न देता. मला म्हणाले, "तू वाच. तुला येतं. मी वाचलं तर मला वाटंल की मीच मनानं वाचून राह्यलो."

मी वाचलं.

सरांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि रडले. साठीला आलेला माणूस असा रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता. खेळाचे सर हसू दाबायला बाहेर पळाले, बाहेरून त्यांचा खोकल्याचा आवाज येत होता. मी बाहेर गेलो तेव्हा त्यांचे डोळे हसून हसून पाणावले होते. "आत्ता नको सांगू," ते म्हणाले. "चार दिवस चालू दे अजून." मी बरं म्हणालो. तिथं, त्या कट्ट्यावर, मला सांगता आलं असतं. सर आतच होते, दहा पावलांवर.

चार दिवसांत गोष्ट आमच्या हाताबाहेर गेली. सरांनी फोटो काढून दोन-तीन ठिकाणी पाठवले, पेपरच्या जिल्ह्याच्या पानावर बातमी आली. 'शिक्षकाला सापडला दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख.' फोटोत सर ओळीशेजारी उकिडवे बसलेले. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर त्यांचा सत्कार केला. हार मीच आणला होता. खेळाच्या सरांची आता जरा टरकली होती. मला म्हणाले, "आपण गप बसायचं. बिलकुल गप. कोण बघायला येतंय?"

बघायला माणसं आली. सरांच्या वस्तीतली, आजूबाजूच्या गावांतली. पौर्णिमेला सकाळी पन्नास-साठ माणसं डोंगर चढली, पांढऱ्या कपड्यांत, हातात मेणबत्त्या आणि फुलं. सरांनी मला आग्रहानं बोलावलं होतं. कड्याच्या खोबण्यांवर मी आणि आणखी दोघं म्हाताऱ्यांना हात देत होतो. एक आजीबाई होती, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, अनवाणी. तिचा तळवा सालपटला होता. वर आल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "कुठं हाय आमच्या मान्साचं नाव?"

मी तिला तिसऱ्या खोलीत नेलं. तिनं ओळीवर कपाळ टेकवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सर, वाचून दावा ना. मला काय येतंय?"

सर दारात उभे होते. ते म्हणाले, "वाच ना बाबा. तुझ्यासारखं कोणाला जमत न्हाई."

मी पुन्हा वाचलं आणि अर्थ सांगितला. ती म्हणाली, "माळी व्हता व्हय? बरं झालं. कष्टाचं मानूस व्हतं." तिनं लुगड्याच्या पदरानं ती अक्षरं पुसली, मुलाचं तोंड पुसावं तशी. पदराला राख लागली. ताजी राख होती ती, आमची. मी बघितलं आणि तिला हाताला धरून लगबगीनं बाहेर आणलं. मला तिची काळजी नव्हती. राख कुणाला दिसू नये, एवढंच डोक्यात होतं.

पावसाळा संपता संपता पुरातत्त्वाच्या कामातल्या एक बाई आल्या, सोबत एक सहकारी. सर नवा शर्ट घालून आले होते. मुख्याध्यापक, खेळाचे सर, मी, गावातले दोन-चार. बाईंनी भिंग लावून बघितलं, पाण्यात कापूस भिजवून एका अक्षराच्या खाचेतून फिरवला, कापसाकडं बघितलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सरांकडं वळून त्या फार हळू बोलल्या, "सर, ही दोन अक्षरं बघा. ह्यांच्यात तीनेकशे वर्षांचं अंतर आहे. एकाच ओळीत, एकाच हातानं कशी येतील? आणि खाच ताजी आहे. वर्षसुद्धा झालं नसेल."

सर म्हणाले, "बराबर बघा मॅडम. पुन्हा एकदा बघा."

त्यांनी पुन्हा बघितलं. मान हलवली. मग सहकाऱ्याला म्हणाल्या, "अक्षराची टोकं बघ कशी जाड केलीत. हा पाट्या रंगवणाऱ्याचा हात वाटतो."

अक्षर संपवताना टोक जाड करायची माझ्या हाताला सवय आहे. शाळेच्या फाटकावरचं नाव तसं, इतिहासाच्या खोलीतला तक्ता तसा. सर खाली वाकले. त्यांनी ती टोकं बघितली. मग सरळ झाले आणि माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते नुसते बघत होते, वर्गात एखाद्या पोरानं उत्तर द्यावं म्हणून थांबायचे तसे. मी टाक्याकडं बघायला लागलो.

संशय सरांवर आला. येणारच होता. दर रविवारी तिथं जाणारे तेच, ओळ असलीच पाहिजे म्हणणारे तेच, ती शोधून काढणारे तेच, अक्षरांचा तक्ता त्यांच्याच खोलीत. गुराख्यानंही सांगितलं, मास्तर एकटाच तासन्‌तास आत बसायचा. मुख्याध्यापकांनी चौकशी केली. मला बोलावून विचारलं, "तक्ता कोणी काढला?"

मी म्हणालो, "मी काढला. सरांनी जसा सांगितला तसा."

"मंग ही अक्षरं सरांना लिहिता येतात?"

"येतात की. त्यांनीच मला शिकवली."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. मी विचार करून, शब्द निवडून बोललो होतो. खेळाच्या सरांनी तर लेखी दिलं, की सरांचं मन काही दिवसांपासून ठिकाणावर वाटत नव्हतं. सरांना विचारलं तेव्हा ते एकच वाक्य बोलले, "मी कोरलं न्हाई." कुणी कोरलं असेल, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही.

पेपरनं दुसरी बातमी पहिलीपेक्षा मोठी छापली. पुराणवास्तू खराब केली म्हणून पोलिसांनी त्यांना दोनदा बोलावलं. पुढं ते प्रकरण तसंच पडून राहिलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. फळ्यावर पोरं ब्राह्मीसारखं काहीतरी गिरवून ठेवायची आणि सर वर्गात आले की खिदळायची. सर ते पुसून शिकवायला लागायचे. वस्तीतले लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. त्यांना वाटलं, सरांनी आपल्याला फसवलं, सगळ्या गावापुढं हसं केलं. हे सरांना सगळ्यांत जास्त लागलं असेल. रिटायर झाले त्या दिवशी निरोप समारंभ झाला नाही. शिपायानं त्यांची पुस्तकं पिशव्यांत भरून रिक्षात ठेवली. मी वर्गावर होतो, म्हणजे वर्ग नसताना वर्गात जाऊन बसलो होतो.

वर्षभरानं मी त्यांच्या घरी गेलो. भोकरदनला, दोन खोल्यांचं घर. काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं, पाणी दिलं आणि आत गेल्या. सर लोखंडी पलंगावर बसले होते, वाळले होते खूप. मी खालीच बसलो. बरीच तयारी करून गेलो होतो, पण सगळं एका दमात बाहेर पडलं. चतुर्थीचा दिवस, छिन्नी, राख, सगळं. खेळाच्या सरांचं नाव मी तीन-चारदा घेतलं. रडलोही.

सरांनी मध्ये अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "झालं?"

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"टोकं बघितली तवाच कळलं. तुला काय वाटलं, मी तुझा हात वळखत न्हाई?"

"मग तिथंच का नाही बोललात?"

"कोणी ऐकलं असतं? तुम्ही दोघं, मी एक. आन्‌ तुम्ही कोण, मी कोण." ते शांतपणे बोलत होते. "मला वाटलं, तू बोलशील. आज बोलशील, उद्या बोलशील. रिटायर व्हस्तोवर वाट बघितली."

मी त्यांच्या पायाला हात लावायला पुढं सरकलो. त्यांनी पाय वर पलंगावर घेतले. मग उशाकडची वही काढली, मधला कोरा कागद फाडला, पेनाचं टोपण काढलं आणि दोन्ही माझ्यापुढं धरलं.

"लिही."

"काय सर?"

"आत्ता सांगितलं ते. बस तेवढंच. खाली सही कर. मी वस्तीत वाचून दाखवतो. त्या म्हातारीला दाखवतो, तिनं माझ्या दारावरून जाणं सोडलं."

मी कागद हातात घेतला. माझी नोकरी, पोलीस, घरी दोन पोरं, बायको, गावातलं नाव, सगळं एकदम डोळ्यापुढं आलं. मी म्हणालो, "सर, लेखी नको ना. मी तुमच्यापुढं कबूल केलं ना." मी असंही म्हणालो, "आता झालं गेलं. तुम्ही तर रिटायर झालात." हे वाक्य मी खरंच बोललो.

सरांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं.

"मंग आलास कशाला?"

मी हातातल्या कोऱ्या कागदाची घडी घातली.

"तुला हलकं वाटावं म्हणून आलास," ते म्हणाले. "ते मी देऊ शकत न्हाई. जा आता. आणि पुन्हा येऊ नको, तिला त्रास होतो." तिला म्हणजे काकूंना. त्या आतल्या दारात उभ्या होत्या, केव्हापासून कोण जाणे. मी बाहेर पडलो तेव्हा मी पाणी प्यायलेला पेला त्यांनी उचलला आणि मोरीत जोरात आपटला. तो स्टीलचा होता. रस्त्यापर्यंत आवाज आला.

पुढं सर मुलीकडं राहायला गेले, लांब. तिकडंच वारले. शाळेत फोन आला तेव्हा मुख्याध्यापकांच्या खुर्चीत खेळाचे सर होते. त्यांनी मुलांना उभं करून दोन मिनिटं शांतता पाळायला लावली आणि सरांच्या इतिहासप्रेमाबद्दल चांगलं बोलले.

खोल्यांमधली ती ओळ अजून आहे. तिच्याखाली कुणीतरी चुन्यानं फुली मारून ठेवली आहे. गेल्या हिवाळ्यात नव्यानं लागलेल्या चार-पाच शिक्षकांना घेऊन आम्ही वर गेलो होतो. खोबण्या चढताना माझे गुडघे आता बोलतात, मी शेवटी पोचलो. तोवर मुख्याध्यापक, म्हणजे तेच खेळाचे सर, त्यांना ओळ दाखवत होते. "एक येडा मास्तर होता आमच्याकडं," ते सांगत होते. "स्वतःच कोरली आन्‌ स्वतःच शोधली." नवी मंडळी हसली. त्यांतल्या एका मॅडमनं मला विचारलं, "सर, तुम्ही ओळखत होतात त्यांना?"

"हो," मी म्हणालो. "मला शिकवायला होते."

"कसे होते?"

मुख्याध्यापक माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "असेच. जरा विक्षिप्त." आणि सगळ्यांबरोबर हसलो. मग कुणीतरी डबे उघडले आणि आम्ही कट्ट्यावर ओळीनं जेवायला बसलो.